चार गाणी आत्ता प्रसिद्ध करावीत की पूर्ण अल्बमसाठी थांबावे?

कोथरूडचा ड्रमर:
आमच्या चौघांच्या पोस्ट-हार्डकोअर (पंकमधून निघालेली, ओरडून गायची रॉक शैली) बँडची मराठीतील चार गाणी ध्वनिमुद्रित झाली असून ती सगळी मिळून तेरा मिनिटे भरतात. मिक्सिंग, म्हणजे वाद्ये आणि आवाज यांचा मेळ बसवणे, अजून बाकी आहे. पुण्यात असे संगीत वाजवू देणाऱ्या जागा मोजक्याच असल्यामुळे बहुतेकांची आमच्याशी पहिली ओळख ध्वनिमुद्रणातूनच होणार. गिटारवादकाच्या मते एवढ्याशा ईपीकडे, म्हणजे अल्बमपेक्षा लहान संचाकडे, कोणी ढुंकूनही पाहत नाही, तेव्हा आणखी सहा गाणी होईपर्यंत थांबावे. मला हे पटत नाही, परंतु त्याला पटेल असे कारणही मला सापडत नाही.

जुनी कॅसेट:
थांबू नये. या शैलीत ईपीला कोणी अर्धवट अल्बम मानत नाही. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने १९८८ मध्ये सात गाण्यांच्या ईपीने सुरुवात केली, पुढच्या वर्षी सहा गाण्यांची दुसरी ईपी काढली आणि ही तेराही गाणी नंतर एकत्र प्रसिद्ध झाली. शिवाय अचानक थांबणे, कुजबुजणे आणि लगेच फुटून ओरडणे हा ताण कान तेरा मिनिटे आनंदाने सोसतो. दहाव्या गाण्यापर्यंत मात्र त्याच ओरडण्याची सवय होते आणि धक्का उरत नाही. चारांतले एखादे गाणे केवळ भरतीचे असेल, तर तेही काढून टाकावे.

सदाशिव पेठ, दुसरा मजला:
मिक्सिंग बाकी आहे हे बरेच झाले. मास्टरिंगमध्ये, म्हणजे प्रसिद्धीपूर्वीच्या अखेरच्या ध्वनिसंस्कारात, सगळेच कमाल आवाजाला नेऊन ठेवू नका, कारण स्पॉटिफाय गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचे माप) या पातळीवर आणून वाजवते; त्यामुळे जोर तर वाढत नाहीच, उलट हळू आणि मोठ्या भागांतला फरक तेवढा मरतो, आणि तुमचे सगळे भांडवल त्या फरकातच आहे. दुसरे असे की, ओरडताना व्यंजने बुडतात आणि स्वर तेवढे ऐकू येतात. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘चाललो’, ‘राहिला’ अशा ओळी गळा मोकळा ठेवतात, पण ‘ई’वर संपणारी ओळ चिरकते. (शाहिरांना हे कोणी शिकवावे लागले नसेल.)

हिशेबनीस:
ईपी काढावी, परंतु स्ट्रीमिंगच्या पैशांवर विसंबू नये. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन मिळत नाही. बँडकॅम्प ही संगीत विकण्याची वेबसाइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवून घेते आणि किंमत तुम्हालाच ठरवू देते. थोड्या कॅसेटही काढाव्यात. तेरा मिनिटे एका बाजूवर सहज मावतात.

कोथरूडचा ड्रमर:
सर्वांचे आभार. चौथे गाणे खरोखरच भरतीचे होते, ते वगळले आहे. गिटारवादकाला वरील सर्व उत्तरे वाचून दाखवली. कॅसेटचा खर्च कोण करणार, एवढेच त्याने विचारले.