मदत हवी आहे: एटीआर या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) विमानावर पायलटची ऑफर घेऊ की जेटसाठी थांबू?

सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) झालंय, क्लास १ मेडिकल क्लिअर आहे, टाइप रेटिंग (ठराविक मॉडेलचं विमान उडवण्याची पात्रता) मात्र नाही कारण स्वतःच्या पैशाने करायचं तर आणखी कर्ज काढावं लागेल आणि ते मला नकोय. एका रीजनल एअरलाइनची एटीआर ७२ साठी ऑफर आहे, रेटिंगचा खर्च त्यांचा पण बाँड आहे, म्हणजे ठराविक काळ तिथेच काम करायचं. ओळखीच्या फर्स्ट ऑफिसर्सना (को-पायलटना) विचारलं तर पगाराचं सगळे सांगतात, रोस्टरचं कोणी धड बोलत नाही आणि मला काळजी तीच आहे, दिवसाला चार-पाच सेक्टर (उड्डाणं), पहाटेचं रिपोर्टिंग, झोपेचं काय होतं? थकून कॉकपिटमध्ये बसणं मला अजिबात पटत नाही.

फील्ड बदला असं प्लीज सांगू नका, ते ठरलंय. टर्बोप्रॉपवरचे तास नंतर ए३२० किंवा ७३७ या जेटवर जाताना कितपत धरतात, की परत शून्यापासून सुरुवात करावी लागते?