ग्रासकटरचं काम: उक्तं, रोजावर की गवताच्या उंचीवर?

सडेकर
राजापूर-लांजा पट्ट्यात आंबा-काजूच्या बागा साफ करायची कामं घेतो. दोन मशिनं आहेत, हाताखाली दोन पोरं. दर मे महिन्यात मुंबईचे बागवाले परत जायच्या आधी विचारतात, "यंदा बेणणीचं उक्तं किती घेणार?" बेणणी म्हणजे बागेतलं गवत-तण कापणं, उक्तं म्हणजे सगळ्या कामाचा आधीच ठरवलेला एकच आकडा. माझं मत असं की हा प्रश्न मे महिन्यात विचारूच नये. तेव्हा सड्यावर औषधालाही हिरवी काडी नसते. उघडा कातळ बघून ऑगस्टातल्या गवताचा दर सांगायचा म्हणजे पावसावर सट्टा, आणि हरला की भरणार मी.

2025 आठवा. एरवी मृगाची वाट बघायची, तर 25 मेलाच मान्सून देवगडात हजर. गवताला दोन आठवडे फुकटचे मिळाले. उलट 2023चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा. बाग तीच, गुंठे तेवढेच, पण काम सारखं कसं असेल?

गुडघाभर गवतात पातं सरळ फिरत जातं. कमरेएवढं होऊन लोळलं की दोनदा मारावं लागतं, आधी वरून, मग बुडातून. त्यात ओल्या गवताचा पीळ पात्याच्या बुडाशी बसतो. मशीन बंद करा, हाताने सोडवा, परत दोरी ओढा. म्हणून गुंठ्याचा दर तीन पायऱ्यांत असावा: गुडघ्याखाली मूळ दर, कमरेपर्यंत दीडपट, त्यावर दुप्पट. उंची काम सुरू करायच्या दिवशीची. रानमोडी, घाणेरी अशा झुडपांचं जाळं असेल तर ते वेगळं.

चाकरमानी_बोरिवली
साफ अमान्य. दादा, उंची मोजणार कोण? मी इथे, बाग तिथे. तुम्ही व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवणार, आणि फोटोत पोराला चरात उभं केलं की कुठलंही गवत कमरेएवढं दिसतं. फवारणी, राखण, पेट्या, सगळ्याचा आकडा मी आधी धरतो, मग बेणणीचाच का नको? आणि 2023ला गवत कमी होतं म्हणता, तेव्हा उक्त्यातले पैसे कोणी परत केल्याचं ऐकलं नाही. कोरड्या वर्षी तुमचं उरतं, ओल्या वर्षी जातं. उक्तं म्हणजे हेच.

सडेकर
हा हिशेब कागदावर झकास आहे. प्रत्यक्षात कोरड्या वर्षी मालकाचा फोन येतो, "गवत फार नाही, यंदा एकच बेणणी करूया." म्हणजे फायद्याच्या वर्षी काम अर्धं आणि तोट्याच्या वर्षी पुरं. सरासरी निघणार कुठून?

गावठी_मेकॅनिक
एवढं डोकं कशाला लावता? लिटरवर घ्या. गवत दाट असेल तर पेट्रोल जास्त जळतं, पातळ असेल तर कमी. एका लिटरमागे मजुरी ठरवून टाका. पेट्रोल-ऑइल मालकाचं, घाम तुमचा. पावसाचा हिशेब टाकीच करते.

वेंगुर्ल्याची_काजूवाली
लिटरवर म्हणजे खटारा मशीनला बक्षीस! कार्बोरेटर बिघडलेलं मशीन तेवढ्याच गवताला जास्त पेट्रोल पितं. पोरगा फोनवर बोलत उभा आणि मशीन आपलं भुरभुरतंय, त्याचीही मजुरी मी द्यायची? टू-स्ट्रोकला लिटरमागे 20 मिली ऑइल की 40, ते मशीनवर ठरतं. बाटलीत किती ओतलं आणि घरी किती गेलं, हे विचारायची सोय नाही.

माझ्याकडे रोजावरच काम होतं आणि मी स्वतः बागेत उभी राहते. कारण सांगते. उक्त्यातला माणूस घाईत असतो. पात्याऐवजी तार लावलेलं मशीन कलमाच्या बुडाला घासलं की साल गोल सोलून निघते. त्या दिवशी काही कळत नाही, पुढे पानं लोंबायला लागतात. तीन वर्षं वाढवलेलं काजूचं कलम असं गेल्यावर तुमचा वाचलेला दर चुलीत घालायचा? बुंध्याभोवतीचं गवत माझ्याकडे विळ्यानेच काढतात.

चाकरमानी_बोरिवली
ताई, तुम्ही उभ्या राहता म्हणून रोजावर परवडतं. आमच्या पाठीमागे रोजावरचं काम गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालतं.

आंबेवाला_दापोली
सगळे गवतावर भांडताय, पण घोळ तारखेचा आहे. हापूसला कल्टार, म्हणजे मोहोर यावा म्हणून बुंध्याशी घालायचं औषध, द्यायचं असेल तर 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान, आणि त्याआधी बुंध्याभोवती तण नको. म्हणजे पहिली बेणणी गवताची उंची बघून ठरतच नाही. दुसरी पाऊस गेल्यावर, गवत पुरतं वाळायच्या आत, नाहीतर पुढे वणव्याला आमंत्रण. दोन्ही तारखा मे महिन्यात लिहून ठेवता येतात, मग उक्तंही ठरवता येतं.

गवत कमरेला लागतं ते नुसत्या पावसाने नाही. मालक म्हणतो, "गणपतीला येतो तेव्हा बघू." नाहीतर कंत्राटदार चार ठिकाणी हो म्हणून बसलेला असतो. उशीर मालकाचा असेल तर सडेकरांच्या पायऱ्या लागू. उशीर मशीनवाल्याचा असेल तर कमरेएवढं गवतही मूळ दरात.

गावचो_माणूस
हय भात कापूक माणसां गावनत नाय आणि तुमी गवताची उंची मोजतास!

आंबेवाला_दापोली
तेही खरंच. लावणी आणि कापणीच्या दिवसांत दर काहीही बोला, पोरं मिळत नाहीत.

सडेकर
तारखेची अट मला चालेल. पण दोघांचाही उशीर नसेल तर काय? जुलैत आठ-आठ दिवस झड लागते. सरीत मशीन चालतं, पण घसरड्या उतारावर फिरतं पातं घेऊन मी पोरांना उतरवणार नाही. दुसऱ्या बेणणीचंही तेच. 2019ला क्यार वादळाच्या वेळी ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटत नव्हता. पावसाने खाल्लेले दिवस कोणाच्या खात्यात?

चाकरमानी_बोरिवली
ते दिवस निम्मे-निम्मे. पुढे जाऊन हेही बोलतो: मे महिन्यात मूळ दर ठरवू, निम्मी रक्कम आगाऊ देतो. उंचीमुळे वाढला तर वाढला, पण दीडपटीच्या वर एक रुपया नाही. दुसरी बेणणी रद्द केली तर आगाऊ रक्कम तुमची. फोटो मात्र पोराचा नको. काठीला रंगाचे पट्टे मारून ती काठी गवतात उभी करा.

सडेकर
काठी चालेल. रानमोडी तरीही वेगळी.

वेंगुर्ल्याची_काजूवाली
दीडपटीची मर्यादा घातलीत की काय होणार सांगू? गवत कमरेच्या वर गेलं की पोरं पातं वरूनच फिरवणार. लांबून बाग साफ दिसते, आत शिरलं की वीतभर बुडखे. पंधरा दिवसांत परत फुटवा. कापायच्या आधीची उंची मोजताय, कापल्यानंतरची कोण मोजणार?

सडेकर
त्याच काठीने. बुडखा चार बोटांच्या वर राहिला तर त्या गुंठ्याचे पैसे घेणार नाही, असं लिहून देतो. मात्र चार बोटं कातळाच्या जागी. तिथे त्याच्या खाली गेलं तर पातं दगडाला लागून तुकडा उडतो आणि तो पोराच्या पायात बसतो. मातीची जमीन असेल तर दोन बोटं धरा.