मदत हवी आहे : काळी चुनखडीची माती, बोअरचं जड पाणी. अंगणात कोणती फुलझुडपं आणि कंद लावू?

नमस्कार मंडळी,

बार्शीजवळ आमचं नवीन घर आहे. कुंपणाच्या आतल्या बाजूला फुलझाडं लावायची आहेत. मृग लागायच्या आत वाफे तयार हवेत, म्हणून मे महिन्यातच विचारते आहे.

घराच्या दर्शनी बाजूला, कुंपणालगत, साधारण ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा आहे. तोंड दक्षिणेला. सकाळी नऊपासून ऊन येतं. सध्या दुपारी कुंपणाच्या भिंतीवर हात ठेववत नाही. पट्ट्याच्या पश्चिम टोकाला जुना कडुनिंब आहे, त्यामुळे तेवढ्या सहा-सात फुटांवर दुपारनंतर सावली असते.

माती काळी, भारी. आत्ता भेगांमध्ये बोट जातं आणि पावसाळ्यात तिथेच चिखलात पाय रुततो. माती परीक्षण करून घेतलं आहे : सामू (pH) ८.२, आणि चुनखडी जास्त असा शेरा. पाणी बोअरचं. बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर बसतो.

बांधकाम संपल्यावर ठेकेदाराने एक्झोराची (झुपकेदार फुलांचं झुडूप) चार रोपं लावून दिली होती. त्यांची अवस्था बघवत नाही. जुनी पानं बरी आहेत, पण शेंड्याची नवी पानं पिवळी. नीट पाहिलं तर पानाच्या शिरा हिरव्यागार, अगदी जाळी काढल्यासारख्या, आणि मधला सगळा भाग फिकट. सगळ्यात वरची पानं तर जवळजवळ पांढरी आणि कडेने करपलेली. नर्सरीत सांगितल्याप्रमाणे युरिया दिला, काही फरक नाही.

मला हवं आहे ते असं :

मागच्या बाजूला चार-पाच फुटांपर्यंत वाढणारी झुडपं. सासूबाईंना रोज पूजेला फुलं लागतात, त्यामुळे वर्षभर काही ना काही फुललेलं हवं. पुढच्या बाजूला जमिनीलगत पसरणारं काहीतरी, म्हणजे माती उघडी राहणार नाही. लव्हाळ्याच्या तणाने जीव नकोसा केला आहे. आणि मधे कंद. गुलछडी हवीच, माझ्या माहेरी दारात होती. नेदरलँड्सला असलेली भाची दिवाळीत येताना ट्युलिपचे कंद आणते म्हणाली आहे, ते इथे येतील का?

सगळ्यात महत्त्वाचं, घरात दोन वर्षांची नात आहे. दिसेल ते तोंडात घालते. नर्सरीवाले म्हणतात की या उन्हात कण्हेर आणि सोनेरी दुरांता यांच्याशिवाय काही टिकणार नाही. मला ते पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (लातूर)

ताई, तुम्ही पानाचं वर्णन इतकं नेमकं केलं आहे की फोटोची गरज नाही. ही लोहाची कमतरता आहे. युरियातून मिळतं ते नत्र. ते कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी झाली असती. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोह कमी पडलं की शेंडा आधी पिवळा पडतो. युरियाचा उपयोग झाला नाही तो यामुळेच.

तुमच्या मातीत लोह असणारच, पण चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही. शिवाय तुम्ही बोअरच्या पाण्यातून रोज आणखी चुना घालताय. एक्झोराला आम्लधर्मी माती लागते, कोकणात जांभ्या मातीत तो इतका छान येतो तो म्हणूनच. अनंताचंही तेच. ही दोन्ही झाडं तुमच्या जमिनीत लावू नका. आहेत ते एक्झोरा आत्ता उन्हात हलवू नका. पाऊस लागला की मोठ्या कुंड्यांत काढा. कोकोपीट आणि शेणखत जास्त असलेलं मिश्रण भरा आणि त्यांना शक्यतो गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

तोवर फवारणी करा. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळायचं, संध्याकाळी पानांवर फवारायचं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. फरशीवर उडू देऊ नका, गंजाचे डाग पडतात ते निघत नाहीत. नुसतं हिराकस मातीत टाकलं तर चुनखडी ते लगेच बांधून टाकते. जमिनीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह घ्या, पण पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघून घ्या. स्वस्त मिळतं ते बहुतेक ‘ईडीटीए’ असतं आणि ते ८.२ सामूच्या मातीत टिकत नाही.

प्रतिसाद (पुणे, बागा आखून देण्याचं काम करते)

तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. कण्हेर महामार्गाच्या दुभाजकावर लावतात कारण ती पाण्याविना तगते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. ती तोंड का लावत नाहीत हेच लक्षात घ्यायचं. पान, फूल, काडी, सगळं विषारी असतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तिची फळं तर आणखी वाईट. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात या दोन्हींना जागा नाही. दुरांताची पिवळी मण्यांसारखी फळं दिसायला गोड आणि मुलाच्या हाताच्या उंचीवर येतात, तीही विषारी. म्हणून दुरांताही नको.

तुमच्या मातीत मी काय लावीन ते सांगते.

देशी लाल जास्वंद, एकेरी पाकळ्यांची. संकरित मोठ्या फुलांच्या जास्वंदींना तुमचं पाणी सोसणार नाही, देशी सोसते. पूजेचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. फक्त सलग रांगेत लावू नका. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर मुंग्या तो नेतात. एक इथे, एक तिथे, मधे वेगळं काही, असं ठेवा. पांढरे पुंजके दिसले की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी अर्क.

तगर. दुहेरी पाकळ्यांची घ्या, वर्षभर पांढरी फुलं. तिला चीक असतो, म्हणून मागच्या ओळीतच ठेवा.

कोरांटी माझी फार आवडती. लोक हिला विसरत चालले याचं वाईट वाटतं. दसऱ्यानंतर, जेव्हा बाकीची बाग थकलेली असते, तेव्हा ही फुलायला लागते. पिवळीला काटे असतात, तुम्ही जांभळी किंवा पांढरी घ्या. आपल्याच हवेतलं झाड आहे, मातीची तक्रार करत नाही. फुलं सरली की अर्ध्यावर छाटायची, एवढंच काम.

ल्युकोफायलम म्हणून रुपेरी पानांचं झुडूप नर्सरीत मिळतं. मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या चुनखडीच्या माळांवरचं. म्हणजे तुमची माती हे त्याचं घर. हवेत दमटपणा आला की अख्खं झुडूप जांभळ्या फुलांनी भरतं. फक्त मुळाशी पाणी साचलं तर मरतं, म्हणून उंचवट्यावर लावा.

जोडीला मोगरा, भरपूर शेणखत घालून. मोगऱ्यालाही कधी शेंड्याचा पिवळेपणा येतो, तेव्हा वर दिलेली फवारणी करा. कुंतीचा मोह होईल, पण चुनखडीत तीही पिवळी पडते. झुडपांत तीन-तीन फूट अंतर सोडा. पहिल्या वर्षी बाग विरळ दिसेल, दिसू द्या.

पुढच्या कडेला उन्हात ऑफिस टाइम (पोर्टुलाका), पर्पल हार्ट आणि निळ्या फुलांचा एव्हॉल्व्हुलस. पर्पल हार्टच्या रसाने कातडीला खाज येऊ शकते, म्हणून ते पायवाटेपासून लांब. एव्हॉल्व्हुलसची फुलं दुपारी मिटतात, सकाळी पुन्हा नवी. कडुनिंबाखाली स्पायडर प्लांट, म्हणजे क्लोरोफायटम. तो मुलांना आणि जनावरांना निर्धोक आहे.

एक विनंती. कुणी वेडेलिया फुकट दिला तरी लावू नका. पिवळी फुलं, चकचकीत पानं, महिनाभरात जमीन झाकते, सगळं खरं. पण तो कुंपणाबाहेर गेला की ओढ्याकाठची देशी झाडी गिळतो. जगातल्या सर्वांत घातक शंभर परकीय आक्रमक जातींच्या यादीत घाणेरीबरोबर त्याचंही नाव आहे.

प्रतिसाद (सांगली, घरची गुलछडीची शेती)

काकू, गुलछडी बिनधास्त लावा, पण गादीवाफ्यावर. काळ्या मातीत कंद मरतो तो उन्हाने नाही, श्रावणात साचलेल्या पाण्याने. वाफा जमिनीपासून फूटभर उंच करा. माती हलकी व्हावी म्हणून थोडी वाळू मिसळा असं कुणी सांगेल. भारी काळ्या मातीत थोड्या वाळूने काही होत नाही, उलट ती दगडासारखी घट्ट बसते. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा हवा, आणि तो ओंजळीने नाही, घमेल्याने.

वासासाठी एकेरी जात घ्या. दुहेरी दिसायला भरगच्च, पण वास एकेरीचाच. राहुरी कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ एकेरीत चांगली आहे. कंद दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा, हाताला टणक लागणारा निवडा, त्याहून बारीक कंद पहिल्या वर्षी नुसती पानं देतो. दोन इंच खोल, वीतभर अंतर. आम्ही एप्रिल-मेमध्ये लावतो, तुम्ही लगेच लावलात तरी चालेल. तीन वर्षांनी गड्डे काढून, फोडून पुन्हा लावा, नाहीतर दांडे आखूड होत जातात.

बाकी कंदांत रेन लिली लावाच. पहिला मोठा पाऊस पडून गेला की तीन-चार दिवसांत जमिनीतून गुलाबी फुलं वर येतात. पांढरी जात थोडी उशिरा, पण तिची पानं वर्षभर हिरवी राहतात, म्हणून काठाला ती चांगली. फुटबॉल लिली मेमध्ये लाल चेंडू देते आणि थंडीत पूर्ण गायब होते, तिथे खूण म्हणून काडी रोवून ठेवा, नाहीतर कुणीतरी खुरपं घालतं. थंडीसाठी ऑक्टोबरात ग्लॅडिओलस.

पण नातीचं म्हणालात म्हणून सांगतो. रेन लिली, फुटबॉल लिली, अमरिलिस, स्पायडर लिली या सगळ्यांचे कंद पोटात गेले तर विषारी. आणि दिसतात हुबेहूब कांद्यासारखे. लावायचे राहिलेले कंद स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ कधीच ठेवू नका. आमच्याकडे ते वेगळ्या पोत्यात, नाव लिहून, माळ्यावर असतात. गुलछडी आणि कर्दळ यांची तशी भीती नाही. आणि कळलावी नकोच. गौरीच्या दिवसांत कितीही सुंदर दिसली तरी तिचा कंद जीव घेऊ शकतो.

प्रतिसाद (नेदरलँड्स)

ट्युलिपबद्दल मी सांगतो. इथे आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कंद पुरतो आणि तो सगळा हिवाळा थंड जमिनीत काढतो. साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालचं तापमान मिळालं तरच दांडा नीट वर येतो. श्रीनगरला ते मिळतं, बार्शीला नाही. फ्रिजमध्ये ठेवून कुंडीत एकदा फुलवता येतं, पण फ्रिजमध्ये सफरचंदं असतील तर त्यांच्या वायूने आतली कळी मरते. आणि एवढं करून एकदा फुललेला कंद तुमच्याकडे पुढच्या वर्षी येत नाही.

शिवाय बॅगेत घालून आणणं नियमात बसत नाही. भारतात कंद आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कंदाबरोबर बुरशी आणि सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म जंत) येतात, आणि शेजारी कांद्याची शेतं असतील तर हा धोका पत्करू नये. भाचीला म्हणावं, फोटो घेऊन ये.

धागाकर्ती (बार्शी, प्रश्न विचारणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी समोर बसून सांगितलं नसतं. आजच सासूबाईंना वाचून दाखवलं. कोरांटीचं नाव ऐकून त्या खुलल्या. त्यांच्या गावी परसात जांभळी होती, तिथूनच फांद्या आणवते.

ठरवलं आहे ते असं : मागे तगर, जास्वंद, कोरांटी, ल्युकोफायलम आलटून पालटून, मोगरा पायरीजवळ. मधे गुलछडीचा उंच वाफा. विषारी कंदांपैकी फक्त रेन लिली, तीही कुंपणाकडे, आणि नात मोठी होईपर्यंत मधे बांबूची बुटकी जाळी. ट्युलिप रद्द. भाचीला कळवलं.

दोन शंका उरल्या. लव्हाळा असताना वाफा भरला तर तो वर येणारच ना? आणि कडुनिंबाखाली खणलं की मुळंच मुळं लागतात, तिथे माती चढवली तर चालेल का?

प्रतिसाद (लातूर)

येणारच. ऑफिस टाइम किंवा पर्पल हार्टने लव्हाळा दबत नाही, त्याचं पातं सुईसारखं मधून वर निघतं. तुमच्याकडे आत्ता मेचं ऊन आहे, ते वापरा. पट्टा फूटभर खोल खणून ढेकळं उलटी पाडा आणि पाणी अजिबात देऊ नका. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहतात, पण उन्हात सुकल्या की मरतात. आठवड्याने ढेकळं फोडून पुन्हा उलटा, दिसतील त्या गाठी वेचून बाहेर काढा, खतखड्ड्यात टाकू नका. नुसतं पातं उपटलं की खालची गाठ पुन्हा फुटते, म्हणून पावसाळ्यात उगवलेला प्रत्येक कोंब खुरप्याने गाठीसकट. गुलछडीची पातीही लहानपणी थोडी तशीच दिसतात, म्हणून ती ओळी आखून लावा म्हणजे खुरपताना गोंधळ होणार नाही. यासाठी गुलछडी पंधरा दिवस उशिरा लागली तरी चालेल.

कडुनिंबाच्या बुंध्याला माती चढवू नका. मुळांना हवा लागते, आणि साल ओलसर राहिली की कुजते. मोठी मुळं तोडूही नका. मुळांच्या बेचक्यांत जिथे जागा सापडेल तिथे स्पायडर प्लांटची छोटी रोपं बसवा, वरून निंबाचाच पाला दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून हातभर सोडून. पहिल्या वर्षी त्यांना बाकीच्या पट्ट्यापेक्षा जास्त वेळा पाणी द्यावं लागेल, कारण निंब आधी पिऊन घेतो.