वेई यीची ती गेम पोरांना दाखवून मी चूक केली का?

चटईवरचा_चेस: रविवारी आमच्या गॅलरीत गल्लीतली सात-आठ पोरं चेस खेळायला येतात, क्लास वगैरे काही नाही. मागच्या वेळी त्यांना चीनचा वेई यी विरुद्ध ब्रुझोन ही गेम दाखवली, २०१५ ची, चीनमधल्या दानझोऊची. वेई यी तेव्हा १६ चा, १३ वर्षं ८ महिन्यांचा असतानाच ग्रँडमास्टर झालेला, समोर काळी सोंगटी घेऊन क्यूबाचा ब्रुझोन, सुरुवात सिसिलियन बचावाची. २२व्या चालीला वेई यीने हत्ती सरळ एफ७ वर (म्हणजे एफ ही उभी पट्टी, खालून सातवं घर) घातला, राजाने खाल्ला, एच७ वर वजिराचा शह, आणि राजा जो बाहेर पडला तो परत घरी गेलाच नाही, मधे एक उंटपण देऊन टाकला, शेवटी काळा राजा एच३ वर म्हणजे पांढऱ्याच्या दारात, ३६व्या चालीला खेळ खल्लास. पोरं येडी झाली. आता प्रत्येक जण एफ७ वर हत्ती घालतोय आणि हरतोय.

भागवतकाका: चूकच. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ दाखवला आणि पोरगं घरी येऊन कंपाउंडच्या भिंतीवर सायकल घालायला लागलं तर दोष कुणाचा? आधी राजा-प्यादं शिकवा, नुसतं एक प्यादं जास्त असताना जिंकता येतं का बघा.

शेंगाचटणी: काका राजा-प्याद्यानं सुरुवात केली ना तर पुढच्या रविवारी गॅलरीत तुम्ही दोघंच असाल बघा. मला पण लहानपणी असंच शिकवलं होतं, मी क्रिकेटला पळालो 😄

काळा_उंट: तुम्ही हत्तीवरच अडकलात राव. २१वी चाल बघा की. पांढऱ्याने घोडा डी५ ला टाकला, काळ्याच्या एफ६ वरच्या घोड्याने तो मारला आणि तिथंच एच७ ची राखण गेली, एच पट्टी तर आधीच्याच चालीत मोकळी झालेली, वजीर एच३ वर बसूनच होता. काळ्याचा वजीर आणि एक हत्ती डी पट्टीत एकामागे एक, उंट बी७ ला, राजाजवळ धावून यायला कोण? म्हणून हत्ती देता आला. आणि खरी चाल २६वी, राजा ई४ वर उघडा पडलाय आणि हा शह न देता वजीर गुपचूप एफ७ वर नेतो. हे पोरांना सांगितलंत का नुसतं धाडधाड दाखवलंत?

भागवतकाका: बरं, एवढी भारी गेम खेळून पुढं काय झालं? १५ व्या वर्षी वेई यीचं रेटिंग २७०० पार, तेव्हा तिथं पोचलेला जगात सगळ्यात लहान तोच, सगळे म्हणायचे हाच वर्ल्ड चॅम्पियन होणार. झाला आपला गुकेश.

शेंगाचटणी: जानेवारी २०२४ ला टाटा स्टीलची मोठी स्पर्धा जिंकला की, बरोबरी फोडायच्या टायब्रेकच्या फायनलला त्याच गुकेशला हरवून, ते पण मधे युनिव्हर्सिटीत शिकून आल्यावर. याला वाया जाणं म्हणतात का बे?

भागवतकाका: वाया गेला असं मी म्हणलोच नाही. पण माझा नातू पण रोज हत्ती घालवतो, त्याचं काय करू ते सांगा.

चटईवरचा_चेस: काळा_उंट, नाही सांगितलं, धाडधाडच दाखवली, खोटं कशाला बोलू. आज २१व्या चालीला थांबवलं, कागद दिले, म्हटलं पुढं काय खेळाल लिहा. पाच जणांनी परत हत्तीच लिहिला. एका पोरीने काहीच लिहिलं नाही, उलट मलाच विचारते, काका, घोड्याने मारलंच कशाला? बसला असता गप एफ६ वर. म्हटलं पुढच्या रविवारी सांगतो. आता ब्रुझोनला दुसरं काय खेळता आलं असतं ते कुणीतरी सांगा, माझ्याकडं शनिवारपर्यंतच वेळ आहे.