रेषा कोणी आखायच्या? घरच्या ग्रुपवरची चर्चा (18 नोव्हेंबर 2025)

अण्णा (पुणे): काल कॅनडाच्या संसदेत पंतप्रधान कार्नी यांच्या सरकारचं बजेट 170 विरुद्ध 168 असं पास झालं. दोन मतं इकडची तिकडे गेली असती तर सरकार पडून निवडणूक लागली असती. आणि शेजारी अमेरिकेत 1 ऑक्टोबरपासून 12 नोव्हेंबरपर्यंत खर्चाचं विधेयक अडकून सरकारच बंद! तरी एकाही खासदाराची खुर्ची हलली नाही. माझं मत असं की अमेरिकेने सरळ कॅनडाची पद्धत उचलावी. तिकडे राहणाऱ्यांनी बोला.

आई: त्या दिवसांत लोकांना पगार नव्हते ना?

दादा (न्यू जर्सी): नव्हते आई. विमानतळावरचे कंट्रोलर बिनपगारी ड्युटी करत होते. शेवटी 40 विमानतळांवरची उड्डाणं कमी करायला सांगितली, त्यात आमचं नेवार्कही होतं. थकलेला पगार नंतर मिळतो, पण घराचा हप्ता तोवर थांबत नाही. नोव्हेंबरात गरिबांचे फूड स्टँप, म्हणजे धान्यासाठीची सरकारी मदत, तीही अडकली.

आत्या (मिसिसागा): वहिनी, इकडे हे होऊच शकत नाही. खर्चाचा ठराव पडला म्हणजे सरकारवरचा विश्वास गेला. डिसेंबर 1979 मध्ये पंतप्रधान जो क्लार्क यांचं सरकार बजेटवर पडलं आणि फेब्रुवारी 1980 मध्ये निवडणूक झाली. मधल्या काळात गव्हर्नर जनरलच्या सहीने खास वॉरंट काढून पैसे देता येतात. भांडण पुढाऱ्यांचं असतं, त्यात कारकुनाचा पगार अडकत नाही.

अण्णा: तेच म्हणतोय मी.

दादा: अण्णा, पण एक गोष्ट विचारात घ्या. कॅनडात बहुमत असलेला पंतप्रधान म्हणजे जवळजवळ सर्वेसर्वा. पक्षाचं तिकीट त्याच्या हातात. सिनेटर तोच नेमतो. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही तोच नेमतो, वरच्या सभागृहात सुनावणी नाही, मतदान नाही. आता डोळ्यांसमोर आणा, ट्रम्प यांना अशी पद्धत मिळाली असती तर? आज निदान बहुतेक कायद्यांना सिनेटमध्ये 60 मतं जमवावी लागतात. राज्यं कोर्टात जातात. स्वतःच्या पक्षाचा एखादा सिनेटर आडवा येतो. माझा या अडथळ्यांवर विश्वास आहे. त्यांचा राग येतो, तरीही.

छोटू (मॉन्ट्रियल): दादा, त्याला दुसरी बाजू आहे. इथे पक्षच नेत्याला काढू शकतो. फेब्रुवारी 2022 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांनी आपले नेते एरिन ओटूल यांना 73 विरुद्ध 45 मतांनी घालवलं, एका दुपारचं काम. तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनाही त्यांच्याच लोकांनी जानेवारी 2025 मध्ये राजीनामा जाहीर करायला लावला. तुमच्याकडे ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग झाला. दुसऱ्या वेळी सिनेटमध्ये 57 विरुद्ध 43, म्हणजे स्पष्ट बहुमत, तरी दोन तृतीयांश नव्हते म्हणून सुटका. आजवर एकही अध्यक्ष महाभियोगाने पदावरून गेलेला नाही.

दादा: हे खरं. पण ट्रुडोंच्या जागी कार्नी आले ते पक्षाच्या सदस्यांच्या मतांवर. 14 मार्चला शपथ घेतली तेव्हा ते खासदारसुद्धा नव्हते. अमेरिकन माणसाला हे पचणार नाही. इथे कुत्रे पकडणारा अधिकारी नेमायचा तरी लोकांना वाटतं आपल्याला विचारावं.

छोटू: मान्य. आणि अण्णामामा, कॅनडाला फार डोक्यावर घेऊ नका. मी क्वेबेकमध्ये राहतो. इथे 2019 मध्ये कायदा झाला: सरकारी शाळेतल्या शिक्षिकेने हिजाब घालायचा नाही, शीख शिक्षकाने पगडी घालायची नाही. हा हक्कांवर घाला आहे हे सरकारला ठाऊक होतं, म्हणून कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतलं कलम 33 आधीच लावून ठेवलं. त्या कलमाने विधिमंडळ मूलभूत हक्क पाच वर्षं बाजूला ठेवू शकतं आणि पुन्हा पुन्हा मुदत वाढवू शकतं. माझ्या वर्गातली एक मुलगी शिक्षिका व्हायचं म्हणून शिकत होती, ती हा प्रांत सोडून ओंटारिओला गेली. अमेरिकेच्या संविधानात असली पळवाट नाही, आणि ती तिकडे कधी जाऊही नये.

आई: अरे देवा. तिच्या घरचे तिकडेच का?

छोटू: हो मामी, आईवडील इथेच आहेत.

अण्णा: हे मला ठाऊक नव्हतं. पण मतं तरी नीट मोजली जातात ना तिकडे?

आत्या: अगदी नीट, अण्णा. मी केंद्रावर काम केलंय. कागदाची मतपत्रिका, पेन्सिलने खूण, संपूर्ण देशात एकच पद्धत. मतदान संपलं की त्याच टेबलावर हाताने मोजणी, उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसलेले. एकेक चिठ्ठी उघडून दाखवायची. आयकराचा फॉर्म भरताना एका खुणेवर तुमचं नाव-पत्ता मतदारनोंदणीसाठी जातं. एप्रिल 2025 च्या निवडणुकीत प्रचार जेमतेम पाच आठवड्यांचा होता. कंपन्यांना आणि युनियनना पक्षाला एक डॉलरही देता येत नाही, आणि माणसाला 2025 मध्ये वर्षाला 1,750 डॉलरपर्यंत.

छोटू: आणि तिकडे 2024 मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी 25 कोटी डॉलरहून जास्त ओतले.

दादा: 2010 चा सिटिझन्स युनायटेडचा निकाल. सुप्रीम कोर्टाच्या लेखी निवडणुकीतला खर्च म्हणजे अभिव्यक्ती. तो निकाल उलटेपर्यंत किंवा घटनादुरुस्ती होईपर्यंत कॅनडासारखी मर्यादा इथे येणं नाही. आणि घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, शिवाय 38 राज्यं. शेवटची झाली 1992 मध्ये.

ताई (ऑस्टिन): सगळं वाचलं. आता माझं ऐका, जरा लांब लिहिते.

पंतप्रधान हवा की अध्यक्ष, यावर आपण रात्रभर बोलू शकतो, पण त्यातलं काही होणार नाही. घटना बदलावी लागेल आणि दादा म्हणतो तसं ते अशक्यच आहे. कॅनडाकडून घेण्यासारखी, आणि घटनेला हात न लावता घेता येईल अशी एक गोष्ट आहे: मतदारसंघांच्या रेषा कोणी आखायच्या.

ग्रीन कार्डच्या रांगेत किती वर्षं गेली ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नागरिक झाले, मताचा हक्क मिळाला. आणि आमच्या ऑस्टिनची अवस्था काय? 2011 च्या नकाशात शहराचे तुकडे करून ते सहा मतदारसंघांत वाटले. एक मतदारसंघ तर हायवेच्या कडेकडेने थेट सॅन अँटोनिओपर्यंत खाली उतरत होता. दहा लाखांच्या आसपास वस्ती असलेलं शहर, पण त्या नकाशात त्याचा म्हणावा असा स्वतःचा खासदार नव्हता. आता या ऑगस्टमध्ये जनगणनेची वाट न बघता मध्येच पुन्हा नकाशा बदलला, कारण वॉशिंग्टनला पाच जागा जास्त हव्या होत्या. लपूनछपून नाही, उघड सांगून. राज्याच्या 38 पैकी 25 जागा आधीच रिपब्लिकनांकडे होत्या, तेवढ्यावर भागलं नाही. डेमोक्रॅट आमदार कोरम (सभेसाठी लागणारी किमान हजेरी) मोडायला इलिनॉयला निघून गेले, पण परत यावंच लागलं आणि नकाशा मंजूर झाला. मग लढाई कोर्टात गेली.

मी मत देते, पण त्याचं वजन कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून आधीच ठरवलेलं असतं. याचा मला मनापासून राग येतो.

दादा: कॅलिफोर्नियानेही तेच केलं ना? 4 नोव्हेंबरला तिथला नकाशा बदलणारा प्रस्ताव 50 पास झाला.

ताई: केलं. आणि मला त्याचंही दुःख आहे. कॅलिफोर्नियाचा स्वतंत्र नागरिक आयोग चांगलं काम करत होता, तो 2030 च्या जनगणनेपर्यंत बाजूला ठेवला. आमच्या पाच जागांना उत्तर म्हणून त्यांच्या पाच. एकट्या राज्याने प्रामाणिक राहायचं ठरवलं तर त्याचंच नुकसान होतं. म्हणून राज्याराज्याने हे सुटणार नाही, देशभर एकदम व्हायला हवं.

आत्या: कॅनडात तसंच झालं ग. इकडची माणसं मुळात सभ्य म्हणून नव्हे. जॉन मॅकडोनल्ड, देशाचे पहिले पंतप्रधान, त्यांनी 1882 मध्ये ओंटारिओचे मतदारसंघ असे कापले की विरोधकांची मतं मोजक्या जागांत कोंडली गेली. पुढे कितीतरी दशकं रेषा खासदारच आखत. मग 1955 मध्ये मॅनिटोबाने आपल्या प्रांतात स्वतंत्र आयोग आणला आणि 1964 मध्ये संसदेने साधा कायदा करून सगळ्या देशाला लावला. प्रत्येक प्रांतासाठी तीन जणांचा आयोग. अध्यक्ष न्यायाधीश, त्याला प्रांताचा मुख्य न्यायाधीश नेमतो. बाकीचे दोघे संसदेचा सभापती निवडतो, बहुधा विद्यापीठातली माणसं. आमदार-खासदारांना त्यात बसता येत नाही.

अण्णा: खासदारांची हरकत असली तर?

आत्या: नोंदवू शकतात. आयोगाने ती बघायची आणि शेवटचा निर्णय आयोगाचाच. मागच्या फेरीत टोरांटो शहराच्या 25 जागांच्या 24 झाल्या. टोरांटो म्हणजे लिबरल पक्षाचा बालेकिल्ला आणि तेव्हा राजधानी ओटावात सरकारही लिबरलांचंच. तरी आयोगापुढे काही चाललं नाही. अशा सुनावणीला मी स्वतः गेले आहे. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये लोक आपापले नकाशे घेऊन येतात. एक बाई सांगत होत्या, आमची शाळा आणि बाजार रस्त्याच्या पलीकडे आहेत, तो भाग आमच्यापासून तोडू नका. आयोगाचे लोक लिहून घेत होते.

अण्णा: आपल्याकडेही पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्तीच असतात. 2008 मध्ये खेडचा शिरूर झाला, कितीजणांची गणितं चुकली तेव्हा. पण कोर्टातही त्या आदेशाला सहसा आव्हान देता येत नाही.

दादा: ताई, आत्या, एक अडचण सांगतो. न्यू जर्सीत आयोग आहे. सहा डेमोक्रॅट, सहा रिपब्लिकन आणि तेरावा तटस्थ. 2021 मध्ये दोन्ही बाजूंनी आपापला नकाशा मांडला आणि तेरावे सदस्य, माजी न्यायाधीश, त्यांनी डेमोक्रॅटांचा निवडला. कारण काय दिलं? तर मागच्या वेळी रिपब्लिकनांचा नकाशा घेतला होता. राज्याच्या सुप्रीम कोर्टाला त्यांच्याकडे खुलासा मागावा लागला. आयोग म्हटलं की काम झालं असं नाही.

ताई: म्हणूनच कॅनडाचा नमुना म्हणते. पक्षाची माणसं आत घेऊन समतोल साधायचा नाही, त्यांना आतच घ्यायचं नाही.

दादा: आमच्याकडे बहुतेक राज्यांत न्यायाधीशही निवडून येतात किंवा पुढारी नेमतात, हे विसरू नकोस. टेक्सासमध्ये तर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर लढतात. मुख्य न्यायाधीशाने नेमलेला माणूस तटस्थ, हे गृहीत कसं धरायचं?

ताई: खरी अडचण आहे. मग कॅलिफोर्नियासारखे नागरिक घ्या: अर्ज मागवून, छाननी करून, त्यातून चिठ्ठ्या टाकून. त्या आयोगात डेमोक्रॅट 5, रिपब्लिकन 5 आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले 4 असत, आणि नकाशाला तिन्ही गटांतून मतं लागत. कॅनडाचं तत्त्व घ्यायचं, साचा इथल्या मातीत बसेल असा करायचा.

छोटू: एक सांगू? रेषा सरळ आखून सगळं सुटत नाही. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा कॅनडात कॉन्झर्व्हेटिव्हांना मतं जास्त आणि लिबरलांना जागा जास्त. ट्रुडो 2015 मध्ये म्हणाले होते की या पद्धतीने, म्हणजे मतदारसंघात सर्वांत जास्त मतं तोच विजयी, ही शेवटची निवडणूक. फेब्रुवारी 2017 मध्ये शब्द सोडून दिला. 2015 मध्ये पहिल्यांदा मत दिलेल्या आम्हा मुलांना ते फार लागलं.

आत्या: लागणारच रे. पण त्या अन्यायात कुणी ठरवून रेषा वाकवली नव्हती. हा फरक लहान नाही.

अण्णा: मग अमेरिकेत केंद्राचा कायदा होऊ शकतो का? की तोही कोर्टात पडेल?

दादा: होऊ शकतो. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असं सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी आखलेल्या रेषा तपासणं केंद्रीय कोर्टांचं काम नाही. पण त्याच निकालात काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, हे करता येईल असंही आहे. संविधानाच्या पहिल्याच कलमात तो अधिकार दिलाय. 2022 च्या जानेवारीत असा कायदा सिनेटपर्यंत आला होता. 60 मतं नव्हती आणि ती अट बदलायला डेमोक्रॅटांचेच दोन सिनेटर तयार झाले नाहीत.

आई: म्हणजे मघाशी तू ज्या अडथळ्यांचं कौतुक केलंस, त्यांनीच अडवलं.

दादा: हो आई. त्यांनीच. अडथळे असावेत असं मला अजूनही वाटतं, पण मतदाराच्या मूळ हक्काच्या कायद्याला 60 ची अट नसावी. तेवढ्यापुरती उठवावी. इथपर्यंत मी ताईबरोबर आहे.

ताई: आणि सिनेटच्या निवडणुकीत रेषाच नसतात, संपूर्ण राज्य एक मतदारसंघ. तिथे माझं मत कुणाला कापता येत नाही. टेक्सासची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, 3 मार्च 2026 ला आहे. दोन्ही पक्षांच्या सिनेट उमेदवारांना मी एकच प्रश्न लिहून पाठवणार आहे: 2030 च्या जनगणनेनंतरच्या रेषा सगळ्या राज्यांत स्वतंत्र आयोगाने आखाव्यात, या कायद्याला तुम्ही मत देणार का, हो किंवा नाही.

आत्या: 1964 चा आमचा कायदा तुला पाठवते. सोप्या भाषेत आहे. सुनावणीचं कलम नक्की वाच.

दादा: पत्राचा मसुदा आधी मला दाखव. आमच्याकडेही 2026 मध्ये सिनेटची जागा आहे, मीही पाठवतो.