मदत हवी आहे: लेकीची शिडाच्या होडीची शर्यत, आणि शनिवारी मी शर्यत सुरू करून देणाऱ्या कमिटी बोटीवर!

मंडळी, शनिवारच्या आत उत्तर हवंय म्हणून घाईत लिहितेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. जवळच्या तळ्यावर एक सामुदायिक सेलिंग सेंटर आहे. श्रीमंत क्लबासारखं काही नाही. बोटी सेंटरच्या, शिकवणारी पोरं कॉलेजची, बाकीची कामं पालकांच्या गळ्यात. लेक अकरा वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात दोन आठवडे शिकली, यंदा जुलैभर ऑप्टिमिस्ट चालवतेय. ऑप्टिमिस्ट म्हणजे पावणेआठ फुटांची, एका मुलाची, एका शिडाची होडी. लांबून कपडे भिजवायच्या टबाला शीड लावल्यासारखी दिसते.

आता ऑगस्टमध्ये तिला रेसिंगच्या गटात घ्यायचं म्हणताहेत. आणि परवा सरावाच्या शर्यतीत गोंधळ झाला. सुरुवातीच्या रेषेजवळ ही रेंगाळत होती, तेवढ्यात उजवीकडून एक मुलगा "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" ओरडत आला. धडक होता होता वाचली. कोचने हिलाच होडीसकट दोन गिरक्या घ्यायला लावल्या, तोवर बाकीचे पार पुढे. घरी येऊन रडारड. "मी आधी तिथे होते, तो नंतर आला, मग शिक्षा मला का?" मला उत्तर देता आलं नाही. मी पुण्याची, माझं नौकानयन म्हणजे खडकवासल्याला भजी खात लांबून बघितलेलं पाणी.

तर, एक, हा नियम काय आहे? दोन, तिला पोहता येतं, पण तलावातल्या दोन फेऱ्यांपुरतंच. उलटली तर? तीन, रेसिंगला घालू का अजून वर्षभर नुसतं फिरू देऊ? आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे शनिवारी मला कमिटी बोटीवर झेंडे आणि हॉर्न सांभाळायला बसवलंय. मी "हो" का म्हटलं, देव जाणे.

शिडात_वारा:
ताई, लेकीला सांगा, इथे रेशनच्या रांगेचा नियम नाही. आधी आलं म्हणून हक्क मिळत नाही. वारा कुठल्या अंगाने येतोय, त्यावर हक्क ठरतो. उजव्या अंगाने वारा घेणारी बोट स्टारबोर्ड टॅकवर, डाव्या अंगाने घेणारी पोर्ट टॅकवर. दोघी समोरासमोर आल्या की पोर्टवालीने बाजूला व्हायचं, मग ती तिथे सकाळपासून का असेना. तो मुलगा उजवीकडून आला म्हणताय, म्हणजे ही पोर्टवर असणार. त्याचं ओरडणं दादागिरी नव्हती, सूचना होती. मात्र हक्क आहे म्हणून त्यालाही मुद्दाम धडकायची मुभा नाही, टक्कर टाळता येत असेल तर त्यानेही टाळायचीच. आणि दोन गिरक्या ही वाईट शिक्षा नव्हे. चूक पाण्यावरच फेडून शर्यत चालू ठेवायची सोय आहे ती. न घेता घरी आली असती तर बाद होऊ शकली असती.

आम्ही मुंबईत शिकलो तेव्हा एक युक्ती होती. बूमच्या (शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या) उजव्या बाजूला हिरवी इन्सुलेशन टेप, डाव्या बाजूला लाल. मूल ज्या बाजूला बसतं त्या बाजूची टेप समोर दिसते. हिरवी दिसली तर हक्क माझा, लाल दिसली तर मान फिरवून बघ. पंधरा दिवसांत टेपची गरज उरत नाही. आधी सेंटरला विचारून लावा, बोट त्यांची आहे.

चार्ल्सकाठी:
शेजारीण की तुम्ही! मी चाळिशीत बोस्टनच्या कम्युनिटी बोटिंगला शिकले, चार्ल्स नदीवर. 1946 पासून चालू असलेली संस्था आहे. तिथे वाऱ्याप्रमाणे हिरवा, पिवळा, लाल झेंडा लावतात आणि ज्याची परीक्षा झाली नाही त्याला जोराच्या वाऱ्यात बोट मिळत नाही. तुमच्या सेंटरलाही असं काही असेल, विचारून ठेवा. मनाची निम्मी धाकधूक तिथेच जाते.

उलटण्याचं म्हणाल तर ऑप्टी, म्हणजे ऑप्टिमिस्ट, उलटतेच. तिच्यात हवेच्या पिशव्या असतात, बुडत नाही. पोरांनी डॅगरबोर्डावर (बोटीच्या तळातून खाली निघणाऱ्या फळीवर) उभं राहून ती सरळ करायची, आत चढायचं आणि बादलीने पाणी उपसायचं. बादली बोटीला बांधलेली आहे ना, तेवढं तुम्ही बघा. बोट सोडून काठाकडे पोहत निघायचं नाही, हे मात्र दहा वेळा सांगा. लाइफ जॅकेट घालून झालं की खांद्यांना धरून वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे.

आता तुमचं कमिटी बोटीचं. सोपं आहे, घाबरू नका. सुरुवातीआधी 5 मिनिटं: वर्गाचा (होडीच्या प्रकाराचा) झेंडा वर, एक हॉर्न. 4 मिनिटं: 'पी' झेंडा वर (निळा, मध्ये पांढरा चौकोन), एक हॉर्न. 1 मिनिट: पी खाली, एक लांब हॉर्न. शून्य: वर्गाचा झेंडा खाली, एक हॉर्न, गेले सगळे. कोणी वेळेआधीच रेषेपुढे असेल तर 'एक्स' झेंडा, पांढऱ्यावर निळी अधिकाची खूण, आणि एक हॉर्न. हॉर्न विसरलात तरी चालतं, वेळ झेंड्यावरून धरतात. झेंडा विसरलात तर मात्र तळ्यातली सगळी पोरं तुमच्याकडे बघतील. छोट्यांच्या सरावात कधी नुसत्या शिट्ट्यांवर तीन मिनिटांतच सुरुवात करतात, आधी विचारून घ्या.

ठाण्याचा_काका:
वेगळं बोलतो, राग मानू नका. अकरा वर्षांच्या पोरीला शर्यत कशाला? सुट्टी आहे, वारा खाऊ द्या. आमच्या पिढीत पोहायला शिकलो ते कोणाला हरवायला नाही. रडत घरी आली हे पुरेसं नाही का?

माळव्यातली:
काका, रडली ती हरली म्हणून नाही, अन्याय झाला असं वाटलं म्हणून. फरक आहे. आमच्या देवासची नेहा ठाकूर भोपाळच्या तळ्यावर शिकली, समुद्रावर नाही, आणि हांगझोऊच्या आशियाई खेळांत 2023 मध्ये आयएलसीए 4 या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीच्या प्रकारात रौप्य घेऊन आली. तेव्हा ती 17 वर्षांची होती. सगळ्यांनी तेच करावं असं नाही म्हणत. पण 'तळ्यावरचं सेलिंग म्हणजे नुसता टाइमपास' असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही.

ताई, गुणांची पद्धत पोरीला सांगा. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2, आणि कमी गुण तो वरचढ. पुरेशा शर्यती झाल्या की सगळ्यात वाईट शर्यत वगळतात. एक दिवस फसला म्हणून सगळं जात नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काका, तुमचं म्हणणं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वारा खाल्लाच ना मी, आता नियम खाते." टेप लावली, सेंटरने परवानगी दिली.

शनिवारचा वृत्तांत: दोन हॉर्न विसरले, झेंडा एकही नाही. तिसऱ्या शर्यतीत एक बोट वेळेआधी रेषेपलीकडे. एक्स मीच वर केला, मग शिडाचा नंबर वाचला. आमचंच रत्न! परत फिरली, रेषेमागे आली, पुन्हा निघाली, शेवटून तिसरी. गाडीत बसेपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाली, "आई, शेवटचा झेंडा तू दोन सेकंद आधी खाली घेतला असतास तर?"

रेसिंगचा फॉर्म भरलाय. ओल्या लाइफ जॅकेटचा गाडीतला वास कसा घालवायचा, त्याचा वेगळा धागा काढते.