रेंज फुल, पण नेट मधूनच गायब: कॉलेजच्या वायफायचं नक्की बिघडलंय काय?

लॅबताई

नमस्कार मंडळी. आमचं कॉलेज नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला आहे, नाव राहू द्या. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये काम करते, पण "तुला कळतं त्यातलं" असं म्हणून कॅम्पसचं वायफायही माझ्याच गळ्यात टाकलंय. ॲडमिशन झाल्या, पाऊस सुरू झाला आणि तक्रारवही भरायला लागली. वहीत सगळ्यांचं एकच वाक्य: "वायफाय चालत नाही." कुठे, कधी, कशावर, काही पत्ता नाही.

म्हणून स्वतःच हिंडून पाहिलं. नव्या बिल्डिंगमध्ये एकाच बाकावर दोन पोरं. एकाचं लेक्चर मस्त चाललंय, शेजाऱ्याचा फोन "आयपी ॲड्रेस मिळवत आहे" वर अडकलेला. रेंज दोघांनाही फुल. फोन बंद-चालू केला तरी ढिम्म, आणि तासाभराने आपोआप लागतो. वेळेचा काही नियमच नाही. ओरड सगळ्यात जास्त फर्स्ट इयरची. स्टाफरूममध्ये विचारलं तर "आमचं तर छान चालतं की!"

जुन्या दगडी बिल्डिंगमधल्या रीडिंग रूमची तऱ्हा वेगळी. तिथे अख्ख्या खोलीचं नेट एकदम जातं आणि दोन-चार मिनिटांनी येतं. पावसाच्या दिवशी जास्त होतं असं वाटतंय, की माझा भास आहे?

ज्यांनी सिस्टिम बसवली ते म्हणतात, आणखी ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे छतावरचे डबे) घ्या. कोटेशन तयारच आहे त्यांचं. घ्यायला सांगू का?

सिडकोचा नेटकरी

ताई, दगडी भिंत म्हटल्यावर सिग्नल मार खाणारच. सगळ्या ॲक्सेस पॉइंटची पॉवर फुल करून टाका. आणि २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ आणि ११ एवढेच ठेवा. मधले चॅनल लावले की शेजारच्यांशी मारामारी होते.

सातपूरकर

चॅनलचं बरोबर आहे. पॉवर मात्र फुल करू नका. ॲक्सेस पॉइंट कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनला रेंज फुल दिसते, पण त्याचं बोलणं उलट पोचत नाही. शिवाय लांबच्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नलही जोरदार दिसतो, म्हणून फोन त्यालाच चिकटून बसतो आणि डोक्यावरच्याकडे जात नाही.

आता मुद्द्याचं. लॅबताई, तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळी दुखणी आहेत, आणि वहीत दोन्ही एकाच वाक्यात लिहिली जातायत. मी सातपूर एमआयडीसीत कारखान्यांची नेटवर्क सांभाळतो, तिथेही हेच. मधूनच होणाऱ्या बिघाडात पहिलं काम म्हणजे साखळीतली नेमकी कुठली कडी तुटते ते पकडणं. अडकलेला लॅपटॉप हातात घ्या, कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) मारा, त्याला मिळालेला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता दिसेल. ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर विंडोजला पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून पत्ता मिळालेला नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतलाय. रेडिओचा, म्हणजे सिग्नलचा, तिथे काही दोष नाही. पत्ता नीट असेल तर गेटवेला (कॅम्पसमधून बाहेर जायचं दार) पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. तो उत्तर देत असेल तर ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. तेही लागत असेल आणि वेबसाइट उघडत नसेल तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय, बघा.

नव्या बिल्डिंगबद्दल माझी पैज पत्त्यांवर. पत्त्यांच्या साध्या रेंजमध्ये (ही सिग्नलची रेंज नव्हे) २५४ पत्ते असतात, त्यातले काही प्रिंटर-कॅमेऱ्यांना जातात. पोरांकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही. डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, विंडोज सर्व्हरवर असेल आणि सेटिंगला कोणी हात लावला नसेल तर एकदा दिलेला पत्ता ८ दिवस त्याच्याच नावावर राहतो. म्हणजे सीबीएस बसस्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची आणि एसटीत बसायलाच यायचं नाही, तसं. अर्धी मुदत झाली की फोन ती वाढवून मागतो, त्यामुळे रोज येणाऱ्या स्टाफचा पत्ता कधी सुटतच नाही. फर्स्ट इयर उशिरा आलं, ते उभं.

अजून एक. स्टाफ, स्टुडंट, लायब्ररी अशी वायफायची तीन नावं पत्त्यांच्या एकाच रेंजवर ठेवलीत का? अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक ॲड्रेस, म्हणजे स्वतःची वेगळी ओळख, दाखवतात. तोच फोन तिन्हीकडे जोडला की तीन पत्ते खाणार.

रीडिंग रूमसाठी ॲक्सेस पॉइंटचा अपटाइम बघा, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे ते. बाकीचे आठवडेच्या आठवडे चालू आणि हा काही मिनिटांपूर्वी उठलेला असेल तर वीज किंवा केबल. अपटाइम ठीक असेल तर लॉगमध्ये रडारची नोंद शोधा. ५ गिगाहर्ट्झच्या ५२ ते १४४ या चॅनलांवर रडार दिसलं की ॲक्सेस पॉइंटला चॅनल सोडावा लागतो आणि ३० मिनिटं परत येता येत नाही. नवा चॅनलही त्याच पट्ट्यातला असेल तर आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत बसायचं. नाशकात ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा तोफखाना असल्यामुळे जो तो रडारवर ढकलून मोकळा होतो. लॉगमध्ये नोंद असेल तरच माना.

हॉस्टेलची पोर

ताई, आमच्या साक्षीवर फार विसंबू नका 😄 वायफायचं नेट गेलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आम्हाला कळतही नाही. "माझं चालतंय" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं जिओवर चालू असेल. विचारण्याआधी मोबाइल डेटा बंद करायला लावा.

लॅबताई

@हॉस्टेलची पोर, अगदी खरं गं! स्टाफरूममध्ये हेच करायला लावलं तर दोन सरांचं "छान चालणारं" वायफाय तिथल्या तिथे बंद पडलं.

@सातपूरकर, दादा, १६९.२५४ च निघालं. अडकलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर. सर्व्हर उघडला तर एकही पत्ता शिल्लक नाही. मुदत ८ दिवस, आणि तिन्ही नावं एकाच रेंजवर. यादीत असे फोन होते ज्यांची पोरं ॲडमिशन रद्द करून पुण्याला गेलीसुद्धा. मुदत ४ तास केली, पण लगेच फरक पडला नाही.

रीडिंग रूमच्या ॲक्सेस पॉइंटचा अपटाइम ११ मिनिटं. बाकी सगळ्यांचा महिन्याच्या वर. लॉगमध्ये रडारचं नावही नाही. सगळ्या केबली जिथे येतात त्या स्विचवर त्याच्या पोर्टचा वेग १०० एमबीपीएस दाखवतोय, इतरांचा १०००.

सातपूरकर

ज्यांना आधीच ८ दिवस दिलेत, त्यांच्या नोंदी तशाच राहणार. रविवारी कॅम्पस रिकामा असताना जुन्या नोंदी काढून टाका. भर दिवसा काढू नका, नाहीतर एकच पत्ता दोघांना जाईल. मग सवडीने विद्यार्थ्यांची रेंज वेगळी आणि मोठी करा, /२२ मापाची घेतली तर १०२२ पत्ते मिळतात.

आणि ते १०० म्हणजे केबल बोलतेय. १००० साठी वायरच्या चारही जोड्या धड लागतात, १०० दोन जोड्यांवरही चालतं. वीजही त्याच केबलमधून वर जाते. जोड खराब असला की नुसतं बसून असताना चालतं, खोली भरली, लोड वाढला, की व्होल्टेज पडून ॲक्सेस पॉइंट रीस्टार्ट होतो. केबल कुठून आणलीय ते शोधा.

लॅबताई

शोधली. दगडाला भोक पाडायचा कंटाळा, म्हणून केबल बाहेरच्या भिंतीवरून नेऊन खिडकीच्या फटीतून आत घेतलीय. खिडकीबाहेर मधोमध जोड, त्यावर काळी टेप. शिपाईकाकांनी स्टुलावर चढून टेप सोडली तर आतून पाणी ठिबकलं. प्लगच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखं साचलेलं, दोन पट्ट्या तर दिसतच नव्हत्या. म्हणजे पावसाचा भास नव्हता.

आता बाहेर टिकणारी अखंड केबल टाकून घेतेय, मध्ये जोड नाही. लांबी मोजली, १०० मीटरच्या बरीच आत बसते. आत घेताना आणखी काही बघायचं का?

सातपूरकर

खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल, आत येणार नाही. टेस्टरवर आठही तारा तपासून मगच काकांना स्टुलावरून उतरवा. कोटेशन आत्ता राहू दे, रविवारच्या साफसफाईनंतर भरल्या वर्गात एकदा मोजा आणि मग ठरवा.